मायर्लेबाईंच्या बागेतला बटू

आमच्या घरात जर्मन फक्त मला येत असे, आणि या गोष्टीचा जितका गैरफायदा घेता येईल तितका मी घेतला. हे आधीच सांगून टाकते, कारण अशा आठवणी लिहिताना लिहिणारा माणूस हळूच स्वतःला शहाणा करून घेतो. बाबांना कंपनीने जर्मनचा क्लास लावून दिला होता. त्यातून ते 'या' म्हणजे हो, 'आल्झो' म्हणजे तर मग, आणि 'गेनाऊ' एवढं घेऊन बाहेर पडले आणि त्या भांडवलावर त्यांनी तीन वर्षं काढली. ऑफिसात इंग्रजीवर भागायचं. बाहेर ते 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', इतक्या खात्रीने म्हणत की समोरच्याला वाटे, या गृहस्थांना सगळं कळतंय, फक्त बोलायची हौस नाही. आईचं जर्मन 'हालो' आणि निरोपाचं 'चूस' यांच्या मध्ये कुठेतरी होतं, आणि मधली जागा ती हसून भरून काढी. त्यामुळे डॉक्टरकडे, राटहाउस म्हणजे गावच्या कचेरीत, बँकेत, सगळीकडे मला पुढे केलं जाई. इतकंच काय, शाळेत पालकांना बोलावलं की माझ्याबद्दलच्या तक्रारींचं भाषांतरही मीच करत असे. बाई तीन मिनिटं बोलत, की ही मुलगी वर्गात अखंड बडबडते, शेजारणीला काम करू देत नाही, आणि मी बाबांना सांगे, "वर्गात सहभाग चांगला आहे म्हणतात." बाबा म्हणत, "गेनाऊ." बाई खूश होत, बाबा खूश होत. आईला मात्र संशय असे. ती म्हणायची, "त्या एवढं बोलल्या आणि तू एवढंसंच कसं गं सांगितलंस?" मी सांगे, जर्मन भाषा लांब असते.

बाबांचं ऑफिस गेर्लिंगेनला होतं. तिथे आम्हाला परवडेल असं घर मिळेना आणि मिळेल ते आम्हाला देईनात, म्हणून बाबांनी पाऊण तासावर, डोंगरात, काळ्या जंगलाच्या वरच्या अंगाला भाड्याने घर घेतलं. गावात एक बेकरी, एक चर्च आणि तासाला एक बस. घरामागच्या बागेला कुंपण असं नव्हतंच. गवत संपलं की स्प्रूसचं, सुईसारख्या पानांच्या उंच झाडांचं, जंगल सुरू. वारा सुटला की त्या झाडांचा असा एकसुरी आवाज येई की आईला पहिल्या महिन्यात नळ चालू राहिल्याचा भास होऊन ती उठून बघून येत असे. पुण्याच्या घरी खिडकीखाली भाजीवाले, रिक्षा आणि शेजारच्यांचा टीव्ही. इथे दर पाव तासाने चर्चची घंटा आणि त्यानंतर पुन्हा काही नाही. "जर्मनीला नेतो म्हणून सांगितलंत आणि महाबळेश्वरच्या मागे आणून ठेवलंत," असं ती बाबांना म्हणे. फोडणी करायची झाली की आम्ही सगळ्या खिडक्या उघडत असू, बाहेर बर्फ असला तरी. स्वेटर, कानटोपी घालून फोडणीच्या वरणाची वाट बघणारं कुटुंब त्या खोऱ्यात आमचंच असावं. रविवारी कॉलिंग कार्ड खरवडून आजीला फोन लावला की ती पहिला प्रश्न विचारी, परत कधी येताय. ऑफिसातले लोक बाबांना विचारत, किती दिवस राहणार. दोन्ही वेळा बाबा हवेबद्दल बोलू लागत.

घरमालकीण फ्राऊ मायर्ले खालच्या मजल्यावर राहायच्या. सत्तरीच्या, विधवा, उंच, आणि नजर अशी की जिन्यावर पडलेली स्प्रूसची एक सुई त्यांना आपल्या स्वयंपाकघरातून दिसे. त्या भागात केअरवोखे म्हणून एक प्रकार असतो. एका आठवड्यात जिना, दारापुढची फरशी आणि रस्त्याची कड झाडायची पाळी आमची, पुढच्या आठवड्यात त्यांची. ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी टांगलेली. ती पाटी दारावर आली की बाबांच्या अंगात यायचं. गाड्यांच्या भागांत केसाएवढी चूक शोधणारा माणूस तो, शनिवारी सकाळी केरसुणी घेऊन जिन्यावर ओणवा व्हायचा. तरीही मायर्लेबाई येत, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेत आणि काहीतरी शोधून काढत. मग त्यांच्या गावठी जर्मनमध्ये भाषण होई, आणि मी त्याचं सार काढी, "परत झाडा म्हणतात." बाबा परत झाडत. या बाईचं एकदा तरी समाधान करायचं, हे बाबांचं त्या काळातलं खरं ध्येय होतं. बढतीसाठी त्यांनी एवढी धडपड केल्याचं मला आठवत नाही.

माझं आणि मायर्लेबाईंचं मात्र बरं जमायचं, आणि ते एका पाखरामुळे. पहिल्याच हिवाळ्यात, गुडघाभर बर्फ असताना, त्यांनी मला हाक मारून आपल्या खिडकीशी उभं केलं. खिडकीबाहेर चरबीचा गोळा टांगला होता आणि त्याला उलटा लटकून एक मूठभर पक्षी टोचत होता. अंग मातकट, गालावर काळी रेघ, गळ्याशी काळा पट्टा, आणि डोक्यावर ठिपक्याठिपक्यांचा टोकदार तुरा. बाईंनी सांगितलं, ही हाउबनमाइजे. दुसरे पक्षी थंडी पडली की आफ्रिकेला पळतात; हे सांगताना त्यांनी तोंड असं केलं की जणू ते भाडं बुडवून गेले होते. ही कुठे जात नाही. शरद ऋतूत किडे आणि बिया झाडाच्या सालीत दडवून ठेवते आणि बर्फात त्यावर राहते, याच जंगलात, जन्मभर. मी वर येऊन आईला हे सगळं सांगितलं. पक्ष्याच्या बाबतीत मी काही गाळत नसे. आई दुसऱ्या दिवशी स्वतः खाली येऊन बघून गेली आणि म्हणाली, "अगं, हा तर मुंजीतला बटू! शेंडी बघ कशी उभी राहिलीय." तेव्हापासून तो आमचा बटू झाला. आईला त्याचं फार कौतुक. "बरं आहे बाबा याचं," ती म्हणायची, "याला कोणी विचारत नाही, राहणार की परत जाणार." बटूचा आवाज बारीक असे, त्सी-त्सी आणि शेवटी घशात एक गुरगुर, लहान मूल गुळण्या करतं तशी. मायर्लेबाई ती गुरगुर हुबेहूब काढायच्या. एवढी करारी बाई खिडकीत उभी राहून गुळण्या करतेय, हे दृश्य मी शाळेत पुष्कळांना करून दाखवलं.

बागेच्या कडेला, जंगलाला लागून, एका जुन्या स्प्रूसचं मेलेलं खोड होतं. वादळात वरचं झाड मोडून पडलं होतं आणि छातीएवढं खोड तेवढं उरलं होतं. भुसभुशीत, कुजकं, बुडाशी अळंबी. तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये बाईंनी मला हळूच बोलावून दाखवलं. खोडाच्या जंगलाकडच्या अंगाला बटूची जोडी चोचीने कोरत होती, भुसा तोंडात धरून लांब नेऊन टाकत होती. या पक्ष्याला कुजकं लाकूडच लागतं, बाई म्हणाल्या, चांगल्या लाकडात त्याला कोरता येत नाही. म्हणून बारा वर्षं त्यांनी ते खोड कोणाला काढू दिलं नव्हतं.

मे महिन्यात बाईंना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तीन आठवड्यांच्या कूरला जायचं होतं. कूर म्हणजे विम्याच्या खर्चाने डोंगरातल्या एखाद्या गावी जाऊन गरम पाण्यात बसणे. टॅक्सी दारात उभी होती. मी शाळेला निघाले होते, कोपऱ्यावर मैत्रीण थांबली होती, आणि बस चुकली की पुढची तासाने. बाईंनी नेमकं तेव्हा बाबांना आणि मला फाटकाशी गाठलं. केराच्या डब्यांचे रंग, पोस्टाची किल्ली, तळघराची खिडकी, आणि मग शेवटी, बोट उंचावून, की त्या खोडाला हात लावायचा नाही, पाखराने अंडी घातलीत, जून संपेपर्यंत त्या बाजूला जायचंसुद्धा नाही. प्रत्येक वाक्याला बाबा त्यांच्या डोळ्यांत बघून मान डोलवत होते. "या. गेनाऊ. गेनाऊ." टॅक्सी गेली. बाबांनी मला विचारलं, काय म्हणाल्या? मी दप्तर पाठीवर टाकत म्हटलं, "डब्यांचं नेहमीचंच. आणि बागेकडे लक्ष द्या म्हणाल्या." आणि पळाले. बस मिळाली.

बागेकडे लक्ष द्या. या तीन शब्दांचं बाबांनी काय केलं हे समजून घ्यायला बाबा माहीत असायला हवेत. त्यांनी त्याच संध्याकाळी कागद घेऊन यादी केली. पहिल्या शनिवारी वाफ्यांच्या कडा दोरी लावून सरळ झाल्या, दुसऱ्या शनिवारी फरशांच्या फटींतलं शेवाळ चमच्याने निघालं. आईने तो चमचा नंतर वेगळा ठेवला. तिसऱ्या शनिवारी यादीत एकच काम राहिलं होतं, ते कुजकं खोड. बाबांचा विचार असा की जी बाई जिन्यावर एक सुई सहन करत नाही ती हे कुजकं लाकूड हौसेने कशाला ठेवेल? गुडघे दुखतात, नवरा नाही, मुलगा लांब, तोडणार कोण? आपण तोडून ठेवू, आल्यावर बघतील. हा तर्क चुकीचा आहे असं मी आजही म्हणू शकत नाही. ज्या देशात रस्त्याची कड झाडायची पाटी असते, तिथे एखादी वस्तू मुद्दाम, प्रेमाने कुजू दिली जाते, हे बाहेरून आलेल्या माणसाला कसं कळावं? ते फक्त कोणीतरी सांगितलं तरच कळतं.

बाबा बाउमार्क्टमधून, म्हणजे हत्यारं-अवजारांच्या मोठ्या दुकानातून, नवी करवत घेऊन आले. दुपारी बारानंतर आवाज केलेला चालत नाही म्हणून दहालाच कामाला लागले. मी अंथरुणात लोळत होते. करवतीचा आवाज मला ऐकू येत होता, आणि तो आमच्या बागेतून येतोय हेही कळत होतं. उठून बघायला दहा पावलं पुरली असती. मी कूस बदलली. हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. मग बाबांची हाक आली, माझ्या नावाची नाही, आईच्या. ते आईला नावाने हाक कधी मारत नसत. "अगं" म्हटलं की तिला कळे. त्या दिवशी त्यांनी "सुनंदा" म्हणून हाक मारली आणि आम्ही दोघी होतो तशा धावलो.

खोड गुडघ्याएवढ्या उंचीवर आरपार कापलं गेलं होतं. वरचा तुकडा बाबांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, बाळाला धरावं तसा, आणि त्यांच्या शर्टाच्या बटणाजवळून, लाकडाच्या आतून, बारीक चिवचिव येत होती. एक पक्षी मघापासून डोक्यावर ओरडत फिरत होता. बाबांना वाटलं होतं, त्याला कामात रस आहे. आता त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "यात पिल्लं आहेत," ते म्हणाले. आईने आधी देवाचं नाव घेतलं आणि लगेच विचारलं की हे आउसलेंडरआम्टला, परदेशी लोकांच्या कचेरीत, कळलं तर पासपोर्टवर शिक्का बसेल का. मला तोंड उघडलं तर खरं बाहेर पडेल अशी भीती वाटत होती.

पण पुढचा अर्धा तास मी बाबांना जसं पाहिलं तसं आधी कधी पाहिलं नव्हतं. एरवी दुकानात सुट्टे पैसे परत मागायला मला पुढे करणारा हा माणूस एकदम मालक झाला. त्यांनी आईला खोड धरायला लावलं, कापाच्या दोन्ही बाजू हाताने चाचपल्या, कुठली शीर कुठे जुळते ते बघितलं, आणि तुकडा होता तसाच, ढोली जंगलाकडे येईल असा, परत बसवला. खिळे मारता येत नव्हते, हादरे बसले असते. "बॅगांचे पट्टे आण," ते मला म्हणाले. भारतात जाताना मोठ्या बॅगांना बांधायचे ते जाड नायलॉनचे पट्टे, ज्यांवर बाबांनी न पुसल्या जाणाऱ्या शाईने ठळक अक्षरांत आमचं आडनाव आणि 'पुणे' असं लिहून ठेवलं होतं. कापाच्या दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या लावून त्यावर ते पट्टे आवळले. खोड उभं राहिलं. जंगलातल्या त्या एवढ्या झाडांत पुण्याला जायला तयार असं ते एकटंच होतं.

मग आम्ही स्वयंपाकघरातल्या पडद्याआड उभे राहिलो. आईने कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून शेगडी बंद केली. अर्धवट शिजलेला भात तसाच राहिला. पोहे गार झाले, कोणी हात लावला नाही. बटूची जोडी यायची, शेजारच्या फांदीवर बसायची, चोचीत अळी, शेंडी ताठ, आणि ढोलीकडे न जाता उडून जायची. पाव तास, घंटा. अर्धा तास, घंटा. बाबा ओठांत काहीतरी पुटपुटत होते. मला आधी वाटलं स्तोत्र, पण ते स्वतःलाच बोलत होते. "बाई मला हेच सांगून गेल्या असणार, बोट उंचावून. मी गेनाऊ म्हणालो. मला कळलं नाही आणि मी गेनाऊ म्हणालो." मी त्यांच्या शेजारीच उभी होते, खांद्याला खांदा लागेल अशी. तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. साडेबाराच्या सुमाराला एक बटू पट्ट्यावर उतरला, आमच्या आडनावावरून दोनदा इकडून तिकडे चालला, आणि आत शिरला. आई खाली फरशीवरच बसली. बाबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

पुढचे सहा दिवस बाबा ऑफिसातून येऊन बूट न काढता आधी खिडकीशी जायचे. पिल्लं वाचली होती, हे दिसत होतं. आईबाप दिवसभर अळ्या आणत होते. माझी सुटका मात्र झाली नव्हती. जेवताना बाबा म्हणत, आता त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू, आणि मी ताटातलं तसंच ठेवून उठे. आता मी दातांची डॉक्टर आहे. लोकांना तोंड उघडायला लावते आणि बोलू देत नाही, असं आई म्हणते. पण ज्याला काहीतरी सांगायचंय आणि सांगता येत नाही असा माणूस खुर्चीत बसला की मला लगेच ओळखू येतो, आणि तो ओळखायला मी कुठल्या कॉलेजात शिकलेले नाही.

मायर्लेबाई शुक्रवारी दुपारी परतल्या. घराचं कुलूप न काढता, काठी टेकत, सरळ बागेत. बाबा रजा घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते, मी त्यांच्या शेजारी, आई जिन्यात. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. काप पाहिला, पट्टे पाहिले, पट्ट्यांवरची अक्षरं वाचली. मग बाबांकडे बघितलं.

"सांग त्यांना," बाबा म्हणाले. "मला जर्मन येत नाही. त्या जे सांगून गेल्या ते मला कळलं नाही, आणि न कळताच मी हो म्हणालो. चूक माझी आहे."

इतकं सोपं भाषांतर मला त्या तीन वर्षांत कधी आलं नव्हतं. एक शब्द बदलायला नको, एक शब्द गाळायला नको, आणि मी कायमची सुटले असते. "ते म्हणतात," मी जर्मनमध्ये सुरुवात केली, "ते म्हणतात की चूक त्यांची आहे." आणि मग मी म्हणाले, "पण ती त्यांची नाही. तुम्ही सांगितलेलं मी त्यांना सांगितलंच नाही."

बाईंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "त्यांना हे माहीत आहे?"

"नाही."

"मग आधी त्यांना सांग."

जर्मनमध्ये ते दोन वाक्यांत झालं होतं. मराठीत पुष्कळ वेळ लागला. फाटक, बस, मैत्रीण, सगळं सांगितलं. करवतीचा आवाज ऐकून कूस बदलली तेही. बाबांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी फक्त विचारलं, "का गं?"

"कंटाळा आला होता," मी म्हटलं. "रोज मीच सगळं सांगायचं त्याचा."

मी चपराक खायच्या तयारीत होते, जरी त्यांनी मला कधी मारलं नव्हतं. खोडातून पिल्लांचा आवाज येत होता. मग ते माझ्याकडे नाही, मायर्लेबाईंकडे बघून, सावकाश बोलले. "त्यांना सांग, ही बारा वर्षांची आहे. तीन वर्षं आम्ही हिच्या तोंडाने बोलतोय. डॉक्टरकडे, बँकेत, सगळीकडे. ते हिचं काम नव्हतं. ते मी हिच्यावर टाकलं."

मला त्यातले सगळे शब्द येत होते. मी "ते म्हणतात, ही" एवढं म्हणाले आणि पुढचं बाहेर पडेना. बाबा थांबले. मायर्लेबाई थांबल्या. मी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडकले. मग बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कुठून कुठून शोधून काढून, स्वतःच, जर्मनमध्ये बोलले.

"किंड," ते म्हणाले. "नूर किंड." मूल आहे. मूलच आहे.

मायर्लेबाईंनी होकारार्थी मान हलवली, आणि मी त्या दोघांच्या मध्ये उभी राहून मोठ्याने रडले.